अथॅमे म्हणजे बळीचा सुरा नव्हे

संपादक महोदय,

गोव्यातल्या हरमल-मांद्रे भागातल्या विदेशी रहिवाशांच्या ‘विक्का’ या आधुनिक, निसर्गपूजक पाश्चात्त्य पंथाच्या उपासनेवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. छायाचित्राखाली ओळ होती : ‘काळ्या जादूचे साहित्य – बळीचा सुरा, सैतानाचा तारा, चेटकिणीची झाडू.’ वस्तू तीन आणि तिन्हींची नावे चुकलेली.

आधी सुरा. त्याला अथॅमे म्हणतात. काळी मूठ, दोन्ही बाजूंनी धार, पाते बहुधा पाच-सहा इंचांचे. धार बोथट असली तरी बिघडत नाही, कारण अथॅमेने काही कापायचेच नसते. विधीच्या जागेभोवती वर्तुळ आखणे, पाणी आणि मीठ अभिमंत्रित करणे, दिशांना आवाहन करणे एवढेच त्याचे काम. कापाकापीला पांढऱ्या मुठीची वेगळी सुरी असते. मेणबत्तीवर खुणा कोरणे, दोरा तोडणे, औषधी पाला छाटणे ही कामे तिची. तिला बरेच जण बोलीन म्हणतात, काहींची बोलीन विळ्यासारखी वाकडी असते. बळी दोन्हींनी देत नाहीत. नैवेद्य असतो केक आणि वाईनचा. हा पंथ 1954 पासून उघडपणे मांडणारा जेराल्ड गार्डनर मलायात (आजच्या मलेशियात) कस्टम अधिकारी होता आणि तिथल्या क्रिस या खंजिरावर त्याने 1936 साली पुस्तकही लिहिले होते. त्याच्या मांडणीत सुऱ्याला मानाचे स्थान मिळाले, यात नवल वाटू नये.

आता तारा. पाच टोकांचा तारा म्हणजे पेंटाग्राम. तो कोरलेली, ताम्हणासारखी चपटी तांब्याची किंवा लाकडाची तबकडी म्हणजे पेंटॅकल. ती वेदीवर असते आणि मीठ किंवा नैवेद्य तिच्यावर ठेवतात. चार टोके पृथ्वी, जल, अग्नी, वायू यांची आणि पाचवे चैतन्याचे. आपल्या पंचमहाभूतांत पाचवे आकाश, एवढाच फरक. टोक खाली केलेला तारा दिसला की ‘सैतान’ लिहायचा मोह होतो, पण गार्डनरच्या परंपरेत तो दुसऱ्या दीक्षेची खूण आहे. सैतान ही यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरेतली कल्पना; विक्काच्या दैवतांत, म्हणजे शिंग असलेला देव आणि चंद्राशी जोडलेली देवी यांत, त्याला जागा नाही. अमेरिकेने तर 2007 पासून सैनिकांच्या थडग्यांवर पेंटॅकल कोरायला परवानगी दिली आहे.

झाडूला बीझम म्हणतात. दांडा अॅशचा, फड बर्चच्या काटक्यांचा, बांधणी विलोच्या सालीची, ही जुनी रीत. इथे ही झाडे कुठून मिळणार, म्हणून हिरांचा खराटाही चालवून घेतात. वर्तुळ आखण्याआधी जागा शुद्ध करण्यासाठी तो जमिनीपासून जरा वरूनच फिरवतात. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये.

लेखातल्या ‘विधी कसा करतात’ या चौकटीबद्दल जास्त काळजी वाटते, कारण ती वाचून कोणी करून बघेल. ‘अथॅमे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावा’ असे तीत छापले आहे. पोलादी पाते आपल्या दमट हवेत आधीच गंजायला टेकलेले असते, मिठाच्या पाण्यात सकाळपर्यंत त्यावर तांबेरा चढेल. खरी पद्धत अशी : पाण्याच्या वाटीत पात्याचे टोक बुडवायचे, मग मिठाला टोक लावायचे, मग त्यातले तीन चिमटी मीठ पाण्यात घालायचे. पाते लगेच कोरडे पुसून तेलाचा हात फिरवायचा. नंतर पूर्वेपासून (काही ठिकाणी उत्तरेपासून) प्रदक्षिणेच्या दिशेने वर्तुळ आखायचे. गार्डनरच्या परंपरेत त्याचा व्यास नऊ फूट. त्याच दिशेने मिठाचे पाणी शिंपडायचे, धूप फिरवायचा आणि मग चार दिशांना बोलवायचे : पूर्व वायू, दक्षिण अग्नी, पश्चिम जल, उत्तर पृथ्वी. पश्चिमेला समुद्र असल्याने गोव्यात हे लक्षात ठेवायला सोपे. शेवटी दिशांना निरोप देऊन वर्तुळ मोडायचे. चौकटीत हा निरोपच गाळला आहे. आवाहन करून विसर्जन न करण्यासारखेच ते.

धुपाच्या कोळशाच्या गोल वड्यांना पेटायला सोपे जावे म्हणून सोरा मिसळलेला असतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की त्या ओल धरतात, तडतडतात आणि अर्ध्याच पेटतात. वडीवर राखाडी थर येईपर्यंत राळ टाकू नये, नाहीतर ती वितळून पसरते आणि निखारा कोंडतो. भांड्यात दोन बोटे वाळू हवीच, एरवी तळ तापून मातीचे भांडे तडकते आणि खालचे टेबल करपते. खिडकी उघडी ठेवावी. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बंद खोलीत तो कळतही नाही.

‘पितळी पेल्यात वाईन ओतून ठेवावी’ हेही घातक. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट काही ठेवले की ते कळकते, हे आपल्याकडे सोलकढी करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. काचेचा किंवा स्टीलचा पेला घ्यावा.

उरले शब्द. पुरुष साधकाला ‘वॉरलॉक’ लिहू नये. त्यांच्यात तो शपथ मोडणाऱ्यासाठीचा शब्द आहे, पुरुषही ‘विच’च म्हणवतात. ‘बुक ऑफ शॅडोज’ हा धर्मग्रंथ नव्हे, साधकाने हाताने उतरवून घेतलेली विधींची वही आहे. कोवेन म्हणजे टोळी नव्हे, फार तर तेरा जणांचा गट. आणि 31 ऑक्टोबरच्या सणाचे नाव आपण ‘समहेन’ छापले आहे, त्याचा उच्चार ‘साऊइन’ असा आहे. तो दिवस जवळ आला की पुन्हा बातमी होईलच, तेव्हा एवढी दुरुस्ती आधी करून ठेवावी.

आपला,
एक वाचक, म्हापसा