बांधापलीकडच्या मावशींस

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

गेल्या कार्तिकात संगमनेरच्या बाजारातून दोन दुभत्या संगमनेरी शेळ्या करडांसह आणून मी वस्तीवर बांधल्या. त्या दिवसापासून आज वैशाखापर्यंत तुम्ही मला जे शिकवलेत, त्याबद्दल हे पत्र आहे. तुमची नात ते तुम्हाला वाचून दाखवील. नव्याने शेळ्या पाळणाऱ्या इतरांच्याही ते उपयोगी पडावे, म्हणून सर्वांसमोर ठेवत आहे.

पहिले तीन दिवस मी सड खाली ओढून दूध काढू पाहत होते. थोरली शेळी पान्हा चोरत होती, लाथा झाडत होती, आणि चरवीत जेमतेम कपभर दूध पडत होते. चौथ्या दिवशी तुम्ही बांध ओलांडून आलात, शेळीच्या उजव्या अंगाला बसलात आणि माझा हात तुमच्या हातात धरून दाखवलेत, की सड ओढायचा नसतो. अंगठा आणि तर्जनीने सडाचे मूळ आवळून दूध कासेत परत जाऊ द्यायचे नाही, मग उरलेली बोटे वरून खाली एकामागून एक मिटत न्यायची, आणि मूठ सैल केली की सड पुन्हा भरतो. अंगठा मुडपून पिळण्याने धार जोरात येते खरी, पण सडाला आतून इजा होते, असे सांगून ती सवय तुम्ही मला लागूच दिली नाहीत. आठवडाभरात तीच शेळी शांत उभी राहून रवंथ करू लागली. आता ती करडे पिऊन उरलेले पाऊण लिटर दूध रोज देते.

कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी करायची आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर सोडून पाहायच्या, हा तुमचा नियम मला सुरुवातीला वेळखाऊ वाटला होता. पौषात एका संध्याकाळी त्या फडक्यावर बारीक गाठी दिसल्या. धाकटीच्या कासेची डावी बाजू गरम लागत होती. दगडीची, म्हणजे कास सुजवणाऱ्या रोगाची, ती सुरुवात होती. त्याच रात्री डॉक्टरांना बोलावल्यामुळे उपचार वेळेत झाले आणि सड वाचला. धार काढल्यावर शेळीपुढे वैरण टाकायची, म्हणजे अर्धा तास ती उभी राहते आणि सडाचे तोंड मिटेपर्यंत मातीला टेकत नाही, हेही तुमच्याकडूनच कळले.

मात्र माझ्यावर तुमचे सर्वांत मोठे ऋण आहे ते चाऱ्याच्या बाबतीत. खुराक वाढवला की दूध वाढते, अशा समजुतीने मी एका सकाळी थोरलीपुढे मक्याच्या भरड्याचे घमेले ठेवले होते. दुपारपर्यंत तिचे रवंथ थांबले, डावी कूस फुगली आणि ती मान टाकून उभी राहिली. तुम्ही भरडा ताबडतोब उचलायला लावलात आणि डॉक्टर येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलात. चारा पचवणारे सूक्ष्म जीव तिच्या पोटात असतात आणि एकदम धान्य पडले की तेथे आम्ल वाढून जनावर दगावू शकते, हे कारण डॉक्टरांनी नंतर समजावले. पण खुराकात कोणताही बदल आठ-दहा दिवसांत थोडाथोडा करावा, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक होते. आता माझ्या गोठ्यात प्रत्येक शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, किलोभर तुरीचे भुसकट किंवा कडब्याची कुटी, आणि दुधाच्या दर लिटरमागे तीन-चारशे ग्रॅम खुराक एवढेच प्रमाण असते. शिवाय खनिज चाटण आणि दोन्ही वेळा ताजे पाणी.

शेळी खाली मान घालून चरण्यापेक्षा मान उंचावून पाला ओरबाडणारी आहे आणि तुडवलेल्या वैरणीला ती तोंड लावत नाही, म्हणून शेवरीच्या पेंढ्या तुम्ही तुळईला टांगायला लावल्यात. त्या दिवसापासून वैरणीची नासाडी जवळजवळ थांबली. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घालू नये आणि ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत जनावर सोडू नये, कारण त्यांत विष असते, हे तुम्ही बजावले नसते तर मला कळण्यापूर्वीच नुकसान झाले असते. या महिन्यात बाभळीच्या शेंगा वेचून ठेवा, असा तुमचा निरोप मिळाला. दोन पोती भरली आहेत.

थोरली फाल्गुनात लागली होती. ती आता तीन महिन्यांची गाभण होत आली आहे, तेव्हा पुढच्या वेतासाठी तिला आटवायला हवे. एकदम धार बंद करायची की आधी एक वेळची सोडायची, आणि त्या दिवसांत खुराक किती कमी करायचा, हे मी अजून कधी केलेले नाही. येत्या सोमवारी सकाळी धारेच्या वेळी तुम्ही यावे, ही विनंती. नातीलाही सोबत आणावे. करडे तिची वाट पाहतात.

तुमची कृतज्ञ,
बांधापलीकडची शेजारीण