बाबा, तुम्ही विचारण्याआधीच सांगते

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहिते आहे. झुरिकची, स्विस री या कंपनीतली नोकरी मी घेतली. सोमवारी सही करून कागद पाठवले. आधी विचारायला हवं होतं, हे कळतंय मला. पण बाबा "तू ठरव" म्हणाले असते, आई काही न बोलता ओटा पुसत राहिली असती, आणि मग माझ्याच्यानं सही झाली नसती.

कुठलीही पॉलिसी समोर आली की बाबांचे दोन प्रश्न ठरलेले. कंपनी किती जुनी? आणि वाईट वर्षात वागली कशी? तेच सांगते.

स्विस री १८६३ ची. त्याच्या दोन वर्षं आधी, मे महिन्यातल्या एका रात्री स्वित्झर्लंडमधल्या ग्लारूस गावाला आग लागली. डोंगरातून कोरडा, गरम वारा सुटलेला. दुसऱ्या दिवसापर्यंत गावाचा दोनतृतीयांश भाग जळून गेला. तिथल्या विम्याला ही भरपाई झेपेना, कारण सगळी जोखीम एकाच भागातली. तेव्हा हेल्व्हेशिया विमा कंपनीच्या मोरित्झ ग्रॉसमान यांनी विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी कंपनी काढायचं मनावर घेतलं. दोन बँका सोबत आल्या आणि ६० लाख फ्रँकांचं भांडवल ठरलं.

आई, तुला पुनर्विमा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाणी चढायला लागलं की तू दागिने मिरजेला मावशीकडे पाठवतेस, कागदपत्रं काकांकडे आणि तांदूळ माळ्यावर. सगळं एकदम बुडू नये म्हणून. ही कंपनी तेच करते, फक्त देशोदेशी.

१९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला आणि मागोमाग शहर पेटलं. कंपनीला जबर फटका बसला, तरी तिनं पैसे दिले. २००८ चंही लपवत नाही. विम्याबाहेरचे आर्थिक व्यवहार अंगाशी आले आणि पुढच्या वर्षी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडून ३ अब्ज फ्रँक घ्यावे लागले. मूळ धंदा सोडून बाहेर हात मारला की असं होतं, हे तुम्ही कितीतरी वेळा म्हणाला आहात.

आणि बाबा, न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांचा खटला. देशपांडेकाकांशी तुमचा वाद चालायचा, तेव्हा मी तिथेच अभ्यासाला बसलेली असायचे. दोन विमानं, दोन मनोरे, मग घटना एक की दोन? सुमारे साडेतीन अब्ज डॉलरचं संरक्षण होतं. मनोरे भाडेपट्ट्यानं घेतलेले सिल्व्हरस्टीन म्हणाले दोन घटना, म्हणजे दुप्पट भरपाई. सगळ्यात मोठा वाटा स्विस रीचा, ती म्हणाली एक. हल्ला झाला तेव्हा पॉलिसीचे अंतिम कागदच तयार नव्हते, म्हणून एका शब्दावर एवढं महाभारत झालं. २००४ मध्ये ज्युरीनं स्विस रीचं म्हणणं मानलं. तुम्ही मात्र सिल्व्हरस्टीन यांच्या बाजूचे. २०१९ च्या पुरानंतर गणपती पेठेतले दुकानदार भिजलेल्या पॉलिस्या घेऊन आपल्या ओट्यावर बसले होते. त्यांना तुम्ही एकेक ओळ वाचून दाखवलीत, आणि कुणाकुणाच्या पॉलिसीत पूर नव्हताच. त्या दिवशीचा तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मला पुराच्या जोखमीचंच काम मिळालंय. म्हणून जाते आहे, पगारासाठी नाही. म्हणजे पगारही चांगला आहे, पण खरंच त्यासाठी नाही.

तीन वर्षांचा करार आहे. मुंबईतही त्यांची शाखा आहे, पुढे तिथे बदली मागेन. खोली उबदार आहे, तूरडाळ मिळते, कुकर नेते आहे. तुझी गोधडीही नेणार आहे, आई. लहानपणी ताप आला की तू तिचं निळं टोक माझ्या गालाखाली सरकवायचीस. अजून त्याशिवाय मला नीट झोप लागत नाही, हे कुणाला सांगू नकोस.

आता ऐका. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, म्हणजे नाही. न्हाणीघरात दांडा बसवायला माणूस गुरुवारी येईल, त्याला परत पाठवू नका. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, आठवण आली की नव्हे. आई, गुडघ्याचं दुखणं डॉक्टरांना स्वतः सांग, बाबांच्या नंबरात घुसून नको. मेडिक्लेमचे हप्ते मी भरले आहेत, कार्ड देवघराच्या खणात ठेवा. स्वयंपाकाच्या मावशींना दोन्ही वेळचं सांगितलंय. आई, तुझ्या हातचं बाबांना जास्त आवडतं हे त्यांनाही माहीत आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. बाबा, कराराची प्रत आणते आहे. चष्मा पुसून ठेवा, एकेक ओळ आपण दोघं मिळून वाचू.

तुमची,
चिमी