व्हर-डम्पमध्ये दिसते, सी कोडला सापडत नाही

मा. संपादक,
स.न.

तुमच्या करिअर पुरवणीत पीएचपीवर (वेबसाइटसाठी वापरतात ती प्रोग्रॅमिंग भाषा) जे आलं त्यात सगळा भर फ्रेमवर्कवर होता, ठीक आहे, नोकऱ्या तिथेच आहेत, पण पीएचपीची खालची बाजू, म्हणजे सी भाषेत लिहिलेली एक्सटेन्शन्स (पीएचपीला जोडायचे जादा भाग), त्यावर मराठीत फारसं काही वाचायला मिळतच नाही.

नेहमीचा घोळ सांगतो. ऑब्जेक्टवर व्हर-डम्प (आत काय आहे ते छापून दाखवणारं फंक्शन) मारला की प्रॉपर्टी व्हॅल्यूसकट दिसते आणि तीच सी कोडमधून हॅश टेबलमध्ये (नावावरून व्हॅल्यू काढायच्या यादीत) नावाने शोधली की सापडत नाही. मग पोरं मेमरी करप्ट झाली समजून जीडीबी हा डीबगर लावून बसतात. अहो, तिथे नावच वेगळं असतं! प्रायव्हेट (फक्त त्याच क्लासला दिसणाऱ्या) प्रॉपर्टीच्या नावाआधी पीएचपीचं इंजिन नल बाइट (शून्य किमतीचा बाइट), क्लासचं नाव, परत नल बाइट असं जोडतं, प्रोटेक्टेडला (चाइल्ड क्लासलाही दिसणारीला) क्लासच्या जागी चांदणी (*), मग नुसत्या नावाने ती मिळणार कशी. बरं पब्लिक असली तरी सुटका नाही, पीएचपी ७ पासून डिक्लेअर केलेल्या प्रॉपर्टीची व्हॅल्यू ऑब्जेक्टच्या आतल्या स्लॉटमध्ये आणि हॅशमध्ये फक्त तिकडे बोट दाखवणारा इनडायरेक्ट टाइपचा झेडव्हॅल (पीएचपीची व्हॅल्यू ठेवायचा सी मधला डबा), तो स्ट्रिंग समजून वाचला की सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम कोसळलाच.

म्हणून हॅशमध्ये हात घालूच नका, झेंड_रीड_प्रॉपर्टी हे इंजिनचं फंक्शन वापरा. स्कोप (कोणत्या क्लासच्या हक्काने वाचायचं ते) म्हणून मात्र ज्या क्लासमध्ये ती प्रायव्हेट डिक्लेअर झालीय तोच क्लास द्यायचा, चाइल्ड क्लास दिला तर इंजिन सरळ अनडिफाइन्ड म्हणून मोकळं होतं. आणि २०२० च्या पीएचपी ८ मध्ये या फंक्शनला झेडव्हॅलऐवजी झेंड_ऑब्जेक्ट (थेट ऑब्जेक्टचाच पॉइंटर) लागतो, जुना कोड जुन्या जीसीसी कंपाइलरवर नुसती वॉर्निंग देऊन कंपाइल होतो आणि चालवल्यावर आपटतो, वॉर्निंग वाचतंय कोण!

स्वतःचा रीड_प्रॉपर्टी हँडलर (प्रॉपर्टी वाचताना इंजिन कॉल करतं ते फंक्शन) लिहिणाऱ्यांची तर वेगळीच रड. साधं वाचन नीट चालतं पण अधिक-बरोबर (+=) केलं की हँडलर कॉलच होत नाही, कारण इंजिन आधी गेट_प्रॉपर्टी_पीटीआर_पीटीआर या दुसऱ्या हँडलरला विचारतं आणि तो डिफॉल्ट ठेवला असेल तर थेट स्लॉटचा पॉइंटर देऊन टाकतो. तिथून नल परत केला की गाडी आपल्या हँडलरकडे वळते.

हे शोधायला एनेबल-डीबग लावून बिल्ड केलेला पीएचपी हवा, रिलीज बिल्डवर मेमरी लीक झाल्याचं (घेतलेली मेमरी परत न केल्याचं) कळतसुद्धा नाही. पुरवणीत महिन्यातून अर्धं पान अशा मजकुराला दिलंत तर बघा, वाचणारे निघतील.

— एक वाचक, पुणे