फेटलिंगवाल्यांची बोटंही तपासा

संपादक महोदय,

शिरोली एमआयडीसीत मी १७ वर्षं फेटलिंगला आहे. म्हणजे साच्यात धातू ओतून तयार झालेल्या कास्टिंगचे रनर-रायझर (ओतताना साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू) तोडले की ती जागा ग्राइंडरनं साफ करायची. थंडीत पहाटेच्या पाळीला गाडीवरून जाताना माझी दोन बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग लाल होऊन ठणकतात. रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकत बसतो. शर्टाचं बटण लावायला मुलीला हाक मारावी लागते.

वर्षभर मानेचा पट्टा आणि बी-१२च्या गोळ्या झाल्या. ‘काम काय करता?’ हे तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं. यंत्राच्या थरथरीनं नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, तंबाखूनं त्या वाहिन्या आणखी आवळतात, असं ते म्हणाले. तंबाखू सोडली. (बायको १७ वर्षं तेच सांगत होती, ते वेगळं.)

युरोपात २००२च्या निर्देशानुसार आठ तासांच्या हिशेबानं थरथर २.५ मीटर प्रति वर्ग सेकंदाच्या वर गेली की मालकाला उपाय करावेच लागतात. ५ ही कमाल मर्यादा. आमच्याकडे ग्राइंडरचं झिजून वाकडं फिरणारं चाकही ‘अजून दोन दिवस चालव’. तेच सर्वात जास्त थरथरतं, आणि ते आवरायला मूठ आणखी घट्ट आवळावी लागते.

चाक वेळेवर बदला, तासाभरानं माणूस बदला. वार्षिक तपासणीत डोळे, कान, छाती बघता, तशी बोटंही बघा. बधिरपणा एकदा मुरला की सहसा जात नाही. माझा मुरलाय; शेजारच्या बाकावर २२ वर्षांचा पोरगा उभा आहे.

– एक फेटलिंग कामगार, कोल्हापूर