गारचॉम्पला जॉली की अ‍ॅडमंट?

प्रिय मन्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. ‘गारचॉम्पला डोळे झाकून जॉली द्यायचा, बाकी चर्चा नको’ हे मला अर्धंच पटलं. (पोकेमॉनच्या खेळात प्रत्येक पोकेमॉनला एक ‘नेचर’ म्हणजे स्वभाव असतो: जॉलीने स्पीड वाढतो, अ‍ॅडमंटने अटॅक. आणि ज्याचा स्पीड जास्त, त्याचा वार आधी.) फोनवर तू कुणाला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

आधी आकडे बघ. लेव्हल १००, स्पीडमध्ये पूर्ण २५२ ईव्ही (सरावाने मिळणारे जादा गुण). जॉलीला स्पीड ३३३, अ‍ॅडमंटला ३०३. अटॅकमध्येही २५२ टाकले तर अ‍ॅडमंटचा ३९४ आणि जॉलीचा ३५९. म्हणजे ३० स्पीडसाठी ३५ अटॅक मोजायचा. ऐकायला तोट्याचा सौदा. पण समोर सॅलमेन्स हा पोकेमॉन आला की चित्र फिरतं. तो कितीही पळाला तरी ३२८ वर अडकतो. दोघेही ड्रॅगन, ड्रॅगनची मूव्ह दोघांनाही दुप्पट लागते, त्यामुळे आधी मारेल त्याचं पारडं जड. ३३३ असेल तर आधी तू, ३०३ असेल तर आधी तो. इथवर तुझं बरोबर.

पण स्पीडचं एक आहे, पाचाने पुढे असलास काय नि पन्नासने काय, फळ तेवढंच. लोकल एका पावलाने चुकली काय, दहा मिनिटांनी चुकली काय, माणूस फलाटावरच. (बरोबरी झाली तर सरळ छापा-काटा, ते वेगळंच दुखणं.) अटॅकचं तसं नाही. प्रत्येक वार ८५ ते १०० टक्क्यांत कुठेही पडतो, म्हणून थोडा जास्त अटॅकही कुठे ना कुठे कामी येतो. स्पीडचे अंक मात्र दोन पोकेमॉनच्या मधल्या रिकाम्या जागेत पडले तर अक्षरशः वाया. तेव्हा जॉली घेण्याआधी मला नाव सांग: ३०३ आणि ३३३ च्या मधला नेमका कोण तुला छळतोय? नाव सुचत नसेल तर अ‍ॅडमंट घे.

शिवाय चॉइस स्कार्फ (पोकेमॉनला धरायला देतात ती वस्तू) आहेच. अ‍ॅडमंटचे ३०३ दीडपट होऊन ४५४ होतात, म्हणजे पूर्ण पळणारा ड्रॅगापल्ट हा पोकेमॉनसुद्धा (४२१) मागे. फक्त एकाच मूव्हला बांधला जातोस आणि तीच जागा चॉइस बँडला दिली असती तर अटॅक दीडपट झाला असता. फुकट काहीच नाही.

पहिल्या पिढीच्या गेम्समध्ये मात्र फुकट होतं! तिथे क्रिटिकल हिटची (जादा जोराच्या वाराची) शक्यता बेस स्पीडवर, म्हणजे पोकेमॉनच्या जातीच्या मूळ स्पीडवर ठरायची. टॉरस या पोकेमॉनचा ११०, भागिले ५१२, म्हणजे साधारण २१ टक्के. पळणाराच जोरातही मारायचा. टॉरसचा तेव्हा एवढा दरारा होता, त्यात याचा वाटा मोठा.

आणि माझा लाडका उलटा प्रकार म्हणजे ट्रिक रूम ही मूव्ह. लावला तो टर्न धरून पाच टर्न मंद तो आधी. टॉरकोल या कासवासारख्या पोकेमॉनचा बेस स्पीड २०, त्याला क्वाएट नेचर: स्पेशल अटॅक वर, स्पीड आणखी खाली, आणि इथे दोन्हीकडून फायदाच. त्याच्या इरप्शन या आगीच्या मूव्हची ताकद १५०, पण एचपी (उरलेला जीव) पूर्ण असेल तरच, म्हणून त्याला मार खाण्याआधी मारायचं असतं. वर ड्राउट या त्याच्या अंगच्या गुणाचं ऊन, आग दीडपट. पाच टर्न संपले की मात्र बिचारा पुन्हा कासव.

रविवारी रात्री खेळू. तुझ्या टीममध्ये सॅलमेन्स आहे की नाही, ते आधी सांगू नकोस. मीही नेचर सांगणार नाही.

तुझाच,
बंड्या