पवईचा तलाव आणि सायकलवाल्यांचे नाव

महोदय,

महापालिकेने पवई तलावाच्या काठाने बांधायला घेतलेल्या आणि न्यायालयाने थांबवलेल्या सायकल ट्रॅकविषयी कालच्या अंकात आलेले पत्र वाचले आणि दिवसभर डोक्यातून जाईना. मूठभर पर्यावरणवाद्यांनी मुंबईच्या सायकलस्वारांचा ट्रॅक हिरावून घेतला, असे पत्रलेखकांचे म्हणणे आहे. मी गेली अठरा वर्षे चांदिवलीहून साकी विहार रोडने पवईला सायकलवर जाते. मे महिन्यात ऊन चढायच्या आत, जुलैत रेनकोट घालून, डिसेंबरात कानाला रुमाल बांधून. त्यांना विनंती एवढीच, की कृपा करून माझ्या वतीने लिहू नका. मला तो ट्रॅक तेव्हाही नको होता आणि आजही नको आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल ६ मे २०२२ चा. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठाने ट्रॅकचे काम बेकायदा ठरवले आणि जे बांधले ते काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. जाळ्यांत दगड भरून काठावर रचले की तो भराव होत नाही, हे महापालिकेचे म्हणणे टिकले नाही. पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत. दहा वर्षांत पुराचे पाणी सरासरी जिथवर चढले, तिथून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम नको, असे ते सांगतात. आणि काठ म्हणजे रिकामी पडलेली जागा नव्हे. मगरीची मादी उन्हाळ्यात याच मातीत खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या तोंडाशी पिल्ले बाहेर येतात. कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या काठच्या झाडोऱ्यात असतात. बारा महिने फिरायला जागा हवी असे पत्रलेखक म्हणतात, पण या काठावर बारा महिने राहणारेही कोणी आहेत. २०२१ साली तिथे दगडांचे ढीग पाहिले, तेव्हा मी सायकल उभी करून कितीतरी वेळ नुसती बघत राहिले होते.

मग सायकलवाल्यांनी जायचे कुठे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचेच उत्तर कोणी देत नाही. माझ्यापुरते सांगते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका गुरुवारी सकाळी मी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने तलावाच्या कडेकडेने चालले होते. रात्रभर पाऊस होता. मेट्रोच्या कामाने रस्ता आधीच अरुंद झालेला, मागून डंपर हॉर्न वाजवत आलेला. मी डावीकडे सरकले. तिथे पावसाच्या पाण्यासाठी बसवलेले लोखंडी झाकण आहे आणि त्याच्या सळया रस्त्याच्या दिशेने उभ्या आहेत. पुढचे चाक नेमके दोन सळयांच्या मध्ये उतरले. मी हँडलवरून पुढे फेकले गेले. डंपर थांबला नाही. एका रिक्षावाल्या दादांनी मला उठवले, मोडकी सायकल मागे बांधली आणि दवाखान्यात सोडून पैसेही घेतले नाहीत. उजवे मनगट मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर, पोळ्या लाटायचे काम मुलाने केले.

प्लास्टर निघाल्यावर मी संबंधितांकडे तीन अर्ज दिले. उत्तर तोंडी मिळाले: हा गाड्यांचा रस्ता आहे ताई, सायकल बागेत चालवा. बागेच्या फाटकावर गेले तर रखवालदार म्हणाला, सायकल बाहेर लावा, आत फक्त चालायला परवानगी. त्याचेही बरोबर आहे. आजी-आजोबा आणि लहान मुले चालतात तिथे मी सायकल घालू नये. पण मग रस्त्याच्या कडेला दीड मीटर जागा, उभ्या गाड्यांशिवाय आणि खड्ड्यांशिवाय, मागितली तर ती मिळायला हवी. तलावात एक दगडही न टाकता हे होते. लाखो लोक याच रस्त्याने कामाला जातात, त्यातले कितीतरी दूधवाले, पेपरवाले, सुरक्षारक्षक सायकलवर असतात. सायकल ट्रॅकच्या चित्रात ते मला कधी दिसले नाहीत.

जाता जाता आणखी एक. त्याच पत्राशेजारी तुम्ही छापलेल्या छायाचित्राखाली 'पवईतील सुसर' असे लिहिले आहे. ती सुसर नाही, मगर आहे. सुसरीचे तोंड लांब आणि चिंचोळे असते. मुले हे वाचून शिकतात, तेव्हा दुरुस्ती छापावी. आणि तिच्याभोवती जे हिरवे गालिच्यासारखे दिसते ती सांडपाण्यावर माजलेली जलपर्णी आहे. दर पावसाळ्यात ५४५ कोटी लीटरचा तलाव भरून वाहू लागला अशी बातमी तुम्ही पहिल्या पानावर देता. त्यात सांडपाणी किती जाते, हेही एकदा विचारावे.

गेल्या रविवारी मी पुन्हा तिथे उतरून पाहिले. झाकण तसेच आहे. ते चौकोनी आहे. उचलून एकदा फिरवून बसवले, तरी सळया आडव्या होतील.

आपली,
एक सायकलस्वार वाचक, चांदिवली, मुंबई