मुदतवाढ नको, तारीख द्या : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

माननीय ऊर्जामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

वयोमान उलटलेले औष्णिक विद्युत केंद्र बंद करावे की चालू ठेवावे, या वादातील दोन्ही बाजूंची निवेदने आपल्या टेबलावर असतीलच. एकीकडे धूर, राख आणि श्वसनाचे विकार, तर दुसरीकडे रोजगार आणि भारनियमनाची भीती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असल्यामुळे दर वेळी मधला मार्ग निघतो आणि केंद्राला आणखी एक वर्ष मुदतवाढ मिळते. मी निवृत्तीपर्यंत बॉयलर देखभालीचे काम केले आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की या तीन पर्यायांमध्ये सर्वांत महाग पडते ती ही मुदतवाढच.

मुदतवाढीवर चालणाऱ्या केंद्रात मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव मंजूर होत नाही, कारण जे केंद्र पुढच्या वर्षी बंद होणार त्यावर खर्च कशाला, हा लेखा विभागाचा प्रश्न बिनतोड असतो. पण सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ वाहून नेणारे पोलाद आदेशाची वाट पाहत नाही. सततच्या दाबाखाली ते वर्षानुवर्षे कणाकणाने ताणले जाते. त्यात हे वीजनिर्मितीचे संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्राची एकेक जोडणी) दिवसरात्र एकाच भारावर चालावेत अशा हिशेबाने बांधलेले आहेत. आता दुपारी सौर वीज आली की त्यांचा भार उतरवला जातो आणि सूर्यास्तानंतर भराभर चढवला जातो. या रोजच्या तापण्या-निवण्याने सांध्यांना तडे जातात.

बॉयलरमधील पाण्या-वाफेच्या नळीला गळती लागली की पहिली खूण नियंत्रण कक्षात मिळते, ती म्हणजे बॉयलरला द्यावे लागणारे पुरवणीचे पाणी विनाकारण वाढते. मग बॉयलरभोवती फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला भट्टीच्या घरघरीत एक तीक्ष्ण फुसफुस वेगळी ऐकू येते. निसटलेल्या वाफेचा झोत शेजारच्या नळीला कापत असतो, म्हणून संच ताबडतोब बंद करणे शहाणपणाचे असते. पण संध्याकाळची मागणी तोंडावर असते आणि ‘रात्रीपर्यंत ओढा’ असा निरोप येतो. एका नळीचे काम मग चार नळ्यांचे होते. दोन दिवसांत उरकणारी दुरुस्ती आठवडाभर चालते आणि त्या आठवड्यात बाजारातून महाग वीज घ्यावी लागते. अशा केंद्राच्या भरवशावर विजेची शाश्वती मोजणे ही कागदावरची शाश्वती आहे.

याचा अर्थ उद्याच टाळे ठोकावे असा मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात हेझलवूड हे सुमारे १,६०० मेगावॅटचे केंद्र नोव्हेंबर २०१६ मध्ये घोषणा होऊन मार्च २०१७ अखेर बंद झाले. जेमतेम पाच महिन्यांत एवढी क्षमता भरून निघणे शक्यच नव्हते. घाऊक विजेचे दर चढले आणि शेकडो कामगारांना नवी वाट शोधायलाही उसंत मिळाली नाही. त्यानंतर तेथील नियम बदलले आणि मोठे केंद्र बंद करायचे तर किमान तीन वर्षे आधी सूचना देणे बंधनकारक झाले. त्याच देशातील लिडेल केंद्राची बंद होण्याची घोषणा २०१५ मध्येच झाली होती आणि शेवटचा संच एप्रिल २०२३ मध्ये थांबला. पर्यायी क्षमता उभी करायला मधली वर्षे मिळाली.

तारीख जाहीर केली आणि ती पाळता आली नाही तर नाचक्की होईल, अशी शंका आपल्या अधिकाऱ्यांनी बोलून दाखवली असेल. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने कोळसा बंद करण्यासाठी आधी २००७ हे वर्ष दिले होते. प्रत्यक्षात ते २०१४ मध्ये साधले. सात वर्षांचा उशीर झाला खरा, पण लक्ष्य डोळ्यांसमोर असल्यामुळे त्या काळात पर्याय उभे राहिले. एकेका वर्षाच्या मुदतवाढीत नेमके हेच घडत नाही. पर्यायी प्रकल्पात पैसा घालणाऱ्याला जुने केंद्र कधी हटणार हे ठाऊक नसते, म्हणून तो थांबतो. आणि पर्याय तयार नाही या कारणाने पुढची मुदतवाढ निघते.

तांत्रिक बाजूतील एका मुद्द्याकडे वाद घालणारे दोन्ही गट दुर्लक्ष करतात. फिरणारे अवजड जनित्र केवळ वीज देत नाही. ते आपल्या वेगाच्या जोरावर विजेची वारंवारिता (प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने) सावरते आणि परिसरातील व्होल्टेज धरून ठेवते. सौर पॅनेल आणून बसवल्याने हे काम आपोआप होत नाही. मात्र त्यासाठी कोळसा जाळत राहण्याचीही गरज नाही. जर्मनीत बिब्लिस या बंद पडलेल्या अणुकेंद्रातील एका जनित्राचे २०१२ मध्ये इंधनाविना फिरणाऱ्या यंत्रात रूपांतर करून ते व्होल्टेज सांभाळण्यासाठी वापरले गेले. जुन्या औष्णिक केंद्राकडे जनित्र, उपकेंद्र आणि पारेषण वाहिन्या आयत्या असतात, त्या भंगारात काढण्यापूर्वी असा अभ्यास झालाच पाहिजे.

राखेबद्दल मी अधिक आग्रही आहे. संच थांबला तरी राखेचा बंधारा तेथेच राहतो आणि त्याचे पाझर मोजणारा माणूस मात्र पहिल्या बदल्यांमध्येच जातो. अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्स्टन केंद्राचा बंधारा २२ डिसेंबर २००८ रोजी फुटला आणि ४० लाख घनमीटरहून अधिक राख नदीत व वस्तीकडे वाहून गेली. त्याच्या साफसफाईला अनेक वर्षे आणि एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम लागली. ते केंद्र तर चालू होते, देखरेखीला माणसे होती. बंद केंद्राच्या राखेची जबाबदारी कोणाची आणि पैसा कोणत्या खात्यातून, हे संच थांबण्याआधी लेखी ठरले पाहिजे.

कामगारांविषयी थोडक्यात लिहितो, कारण नियमित कर्मचाऱ्यांची बदली होते आणि त्यांच्या संघटना बोलू शकतात. राख उपसणारे, कोळशाच्या पट्ट्यांवर काम करणारे आणि वेल्डिंग करणारे कंत्राटी लोक कोणत्याच यादीत नसतात. दक्षिण आफ्रिकेतील कोमाटी केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. जागतिक बँकेचे अर्थसाहाय्य मिळूनही पर्यायी रोजगाराची तयारी आधी पुरी न झाल्याची तक्रार तेथे राहिली. कंत्राटदारांच्या हजेरीपटावरून नावांची यादी आजच करता येते, त्यासाठी समिती नेमावी लागत नाही.

तेव्हा पुढच्या मुदतवाढीच्या आदेशावर सही करण्यापूर्वी आपण प्रत्येक संच थांबण्याची तारीख, तोपर्यंतच्या दुरुस्तीची तरतूद आणि राखेच्या बंधाऱ्याचा जबाबदार अधिकारी, या तीन बाबी लेखी मागवाव्यात आणि त्या जनतेसमोर ठेवाव्यात. तारीख पुढे ढकलावी लागली तर कारणासह तसे विधिमंडळात सांगावे.

आपला,
एक निवृत्त औष्णिक वीज अभियंता